शिकावयास येतो कोण?

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, वधूवरांची नोंदणी झाली, खजिनदारांनी हिशेब वाचून दाखविला, आणि आता पंगतीची वेळ जवळ येत असताना एका निवृत्त शिक्षकाने बोलावयास उभे राहावे, हे आपल्या सहनशीलतेची परीक्षा पाहण्यासारखेच आहे. तथापि कार्यकारी मंडळाची आज्ञा मोडणे आम्हांस शक्य नव्हते. 'खेड्यातील कष्टकऱ्यांसाठी असलेल्या प्रशिक्षण योजनांची माहिती समाजास द्यावी,' अशी ती आज्ञा आहे. माहिती आम्ही देऊच. परंतु ती गोळा करीत असता आमच्या मनात एक प्रश्न उभा राहिला, आणि तो माहितीपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटू लागला. तो प्रश्न असा की, हे वर्ग भरतात खरे, पण त्यांत येऊन बसतो कोण? आणि ज्याच्यासाठी तो वर्ग काढला, तो त्या वेळी कोठे असतो?

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पाच तालुके. सन २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे पावणेबारा लक्ष भरली, आणि त्यांतील शेकडा पंचाऐंशी माणसे खेड्यांत राहणारी होती. मोठे कारखाने येथे नाहीत. सोयाबीन, कापूस आणि हळद यांवर सारा संसार. आपला समाज तर गावोगाव विखुरलेला. एका गावी चार घरे, दुसऱ्या गावी एकच. तयार कपड्यांची दुकाने बाजारपेठेत आली, तेव्हा ओसरीवरचे यंत्र अनेक घरांत थांबले. ज्यांच्यापाशी थोडी पुंजी होती त्यांनी कापडाचे दुकान काढले, ज्यांच्यापाशी शिक्षण होते ते नोकरीस लागले, आणि ज्यांच्यापाशी दोन्ही नव्हते ते दुसऱ्याच्या शेतात खुरपे घेऊन गेले. हा तिसरा वर्ग आपल्या मेळाव्यास फारसा येत नाही, म्हणून तो आपल्या ध्यानातही राहत नाही. आज आम्ही त्याच्याविषयीच बोलणार आहो.

योजनांची वाण कधीच नव्हती. १५ ऑगस्ट १९७९ रोजी केंद्र सरकारने ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे शिक्षण देणारी योजना सुरू केली. 'ट्रायसेम' या नावाने ती आपल्या पिढीस परिचित आहे. अठरा ते पस्तीस वयाच्या गरीब कुटुंबांतील मुलामुलींस शिवण, सुतारकाम, यंत्रदुरुस्ती असे काही शिकवावे, विद्यावेतन द्यावे आणि पुढे कर्ज मिळवून द्यावे, असा तिचा हेतू होता. १ एप्रिल १९९९ रोजी ती स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाली. सन २०१४ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची ग्रामीण कौशल्य योजना आली. तिची वयोमर्यादा पंधरा ते पस्तीस, स्त्रियांस पंचेचाळीसपर्यंत सवलत, आणि एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी. बँकांनी चालविलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थाही आहेत. त्यांचा मूळ नमुना १९८२ साली कर्नाटकात उजिरे येथे धर्मस्थळाच्या धर्माधिकाऱ्यांनी दोन बँकांच्या साहाय्याने घालून दिला. तेथे राहणे, जेवणे आणि शिकणे, तिन्ही विनामूल्य असते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशीच, अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्या अठरांत शिंप्याचा व्यवसाय आहे, हे आपण सर्वांनी लक्षात ठेवावे. त्याच वर्षी ऑक्टोबरात महाराष्ट्राच्या चौतीस जिल्ह्यांत मिळून ग्रामीण कौशल्य विकासाची ५११ केंद्रे उघडण्यात आली.

ही यादी ऐकून कोणासही वाटेल की, आता खेड्यात अकुशल मनुष्य औषधालाही सापडू नये. प्रत्यक्ष स्थिती आपण जाणतो. मग विहीर भरलेली असता पोहरा रिकामा का येतो?

आम्ही निवृत्तीनंतर असे काही वर्ग जाऊन पाहिले, शिकणाऱ्यांशी बोललो, आणि न येणाऱ्यांच्या दारीही गेलो. वर्गात जे दिसले ते असे. दहावी-बारावी झालेला, भरतीच्या परीक्षांची तयारी करणारा, आणि 'रिकामे बसण्यापेक्षा एक प्रमाणपत्र पदरी पडले तर बरे' म्हणून आलेला तरुण तेथे होता. बारावी झालेली, लग्न ठरेपर्यंत घरी असलेली मुलगी होती. शिवणाच्या वर्गात विवाहित स्त्रियाही होत्या. पण ज्यांच्या घरी मूल सांभाळावयास सासू अथवा नणंद आहे, आणि ज्यांच्या नवऱ्याची कमाई रोजच्या रोज हातातोंडाशी येत नाही, अशाच त्या होत्या. एका घरात तीन-तीन प्रमाणपत्रे भिंतीवर लावलेली आम्ही पाहिली, आणि त्याच आळीतील शेजारच्या घरात वर्ग भरला होता याची वार्ताही नव्हती. यांत आलेल्यांचा दोष नाही. तीही सामान्य स्थितीतीलच माणसे. परंतु जो सर्वांत गरजू, तो त्यांत नव्हता.

तो का नव्हता, याची कारणे आम्ही चार समजतो.

पहिले कारण वार्तेचे. वर्गाची सूचना ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते, अथवा हल्ली भ्रमणध्वनीवर फिरते. जो पहाटे रानात जाऊन दिवेलागणीस परततो, त्याने फळा वाचावा केव्हा? सूचना प्रथम कळते ती सरपंचाच्या, सेवकाच्या आणि शिक्षकाच्या ओळखीच्यांस.

दुसरे कारण शिक्षणाच्या अटीचे. काही अभ्यासक्रमांस आठवी, काहींस दहावी उत्तीर्ण असावे लागते. राज्य सरकारने २०२४ साली तरुणांसाठी जी कार्यप्रशिक्षण योजना काढली, तिच्यात मासिक विद्यावेतन सहा हजारांपासून दहा हजारांपर्यंत ठेवले. पण प्रवेशाची किमान पायरी बारावी उत्तीर्ण ही होती. त्या योजनेचा हेतू निराळा होता, हे आम्ही मान्य करतो. तथापि ज्याने सातवीत शाळा सोडून विळा हाती घेतला, त्याच्यासाठी ते दार नव्हतेच.

तिसरे कारण हंगामाचे. मजुराचे वर्ष कसे असते ते आपणांस ठाऊक आहे. मृगाच्या पावसावर पेरणी, मग श्रावण-भाद्रपदापर्यंत निंदणी-खुरपणी, दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची काढणी, त्यामागून कापसाची वेचणी, आणि माघ-फाल्गुनापासून हळद काढणे, शिजविणे व वाळविणे. एवढ्यावरही ज्यांचे भागत नाही, ती कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीस जातात, ती पाडव्याच्या सुमारास परततात. इकडे सरकारी वर्ष मार्चअखेर संपते. उद्दिष्ट पुरे करण्याची धावपळ ऐन हिवाळ्यात सुरू होते, हे आम्ही नोकरीच्या काळात वर्षानुवर्षे पाहिले. ज्या महिन्यात वर्ग भरतो, त्याच महिन्यात ज्याच्यासाठी तो भरवायचा त्याच्या झोपडीस कुलूप असते!

चौथे कारण या सर्वांहून मोठे, आणि ते म्हणजे बुडणारी मजुरी. वर्गाला शुल्क नाही, म्हणून तो फुकट आहे असे आपण म्हणतो. परंतु रोजंदारीवर जगणाऱ्यास तो फुकट नसतो. तीन महिन्यांच्या वर्गाचे मूल्य म्हणजे तीन महिन्यांची मजुरी. ते मूल्य ज्याला भरता येते तोच वर्गात बसतो, आणि ज्याला भरता येत नाही तो बसत नाही. एवढा साधा हिशेब आमच्या ध्यानात यावयास, बंधुभगिनींनो, आमची सारी नोकरी संपावी लागली.

येथे एक गोष्ट आम्ही सांगितली पाहिजे. ती सांगताना आम्हांस संकोच वाटतो. पण न सांगता पुढे बोलण्याचा अधिकार आम्हांस उरत नाही.

आमच्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली, ट्रायसेमच्या काळातली ही हकीकत. शिवणवर्गासाठी गावातून नावे पाठवावयाची होती. यादी करण्याच्या कामी आमचे मत विचारले गेले, कारण गावात लिहिता-वाचता माणूस म्हणजे गुरुजी. गावात आपल्या समाजाची एक विधवा भगिनी होती. पदरी दोन लहान मुले. दिवसा निंदणीस जावे आणि रात्री चिमणीच्या उजेडात लोकांच्या वाकळी शिवाव्या, असा तिचा क्रम. तिच्या हाताचा टाका यंत्राच्या टाक्यासारखा सरळ असे. आम्ही तो पाहिला होता, वाखाणलाही होता. परंतु यादी करताना आमच्या मनात तिचे नाव आले नाही असे नव्हे. ते आले आणि आम्ही ते बाजूस सारले. 'ही निरक्षर, मापे कशी लिहील? वर्ग अर्ध्यावर सोडील, आणि आपला शब्द खाली पडेल,' असा विचार आम्ही केला. तिच्याऐवजी आमच्या परिचयातील एका मॅट्रिक नापास मुलाचे नाव आम्ही सुचविले. मुलगा वर्गास गेला, विद्यावेतन घेतले, पुढे यंत्रही मिळाले. वर्षाच्या आत ते यंत्र विकले गेले.

बऱ्याच वर्षांनी त्या भगिनीची एका लग्नात गाठ पडली. आम्ही आपण होऊन तो विषय काढला आणि आमची चूक कबूल केली. ती रागावली नाही. म्हणाली, "गुरुजी, मला कुणी इचारलंच न्हाई." मग क्षणभर थांबून म्हणाली, "अन् इचारलं असतं तरी काय म्हणले असते, ते बी सांगता येत न्हाई. सा महिने लेकरांच्या भाकरीचा हिशेब कोण लावणार व्हता?"

ही दोन वाक्ये आमच्या आजच्या भाषणाचे सार आहेत. आधी तिला विचारावयास पाहिजे होते. आणि विचारल्यावर भाकरीचा हिशेबही लावून द्यावयास पाहिजे होता. आम्ही पहिलेही केले नाही, मग दुसऱ्याची गोष्ट दूरच राहिली.

कोणी म्हणेल, हे बोलणे सोपे, करणार कसे? ज्यांनी केले त्यांची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि पुढे 'कमवा आणि शिका' हे तत्त्व प्रत्यक्षात आणले. गरिबाच्या मुलाने शिक्षणासाठी कमाई सोडावी असे ते म्हणाले नाहीत. शिक्षणातच त्यांनी कमाईला जागा करून दिली. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राने देशास दिली. तिच्यापासून निघालेल्या राष्ट्रीय कायद्याच्या अंतर्गत २०१९-२० मध्ये 'उन्नती' नावाचा उपक्रम निघाला. ज्या कुटुंबाने हमीच्या कामावर वर्षाचे शंभर दिवस भरले, त्यातील एका प्रौढास प्रशिक्षण द्यावे आणि त्या काळात कमाल शंभर दिवस मजुरीच्या दराने भत्ता द्यावा, अशी ती व्यवस्था होती. देशभर दोन लक्ष कामकरी शिकवून तयार करण्याचे तिचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्ष संख्या त्याहून पुष्कळ मागे राहिली. पण बुडणाऱ्या मजुरीचा विचार तिच्यात होता, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. विश्वकर्मा योजनेतही पाच ते सात दिवसांच्या प्राथमिक प्रशिक्षणात रोज पाचशे रुपये विद्यावेतन ठेवण्यात आले, ते याच कारणाने.

निरक्षरतेच्या अटीविषयीही असेच. राजस्थानात तिलोनिया गावी श्री. बंकर रॉय यांनी १९७२ साली एक संस्था काढली. सौरदिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकविण्यासाठी तेथे निवडल्या जातात त्या खेड्यातील मध्यमवयीन, बहुधा निरक्षर स्त्रिया. कित्येक तर आजीबाई! आफ्रिका खंडातील अनेक देशांतूनही अशा स्त्रिया तेथे येऊन शिकून गेल्या. रंगांच्या खुणांनी आणि हातवाऱ्यांनी त्यांस शिकविले जाते. ही निवड का? तरुण मनुष्य प्रमाणपत्र हाती पडताच शहराची वाट धरतो, आजीबाई मात्र गावी परत जाते आणि गावात दिवा लावते. आमच्या त्या भगिनीस मापे लिहिता येणार नाहीत म्हणून आम्ही तिला वगळले होते, हे या ठिकाणी पुन्हा सांगावयास नको.

आणि आपल्याच महाराष्ट्रात, सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे श्रीमती चेतना गाला-सिन्हा यांच्या माणदेशी संस्थेने स्त्रियांसाठी उद्योगशाळा काढली, तेव्हा शाळाच मोटारगाडीत बसवून गावोगाव नेली. जी बाई तालुक्यास येऊ शकत नाही, तिच्या गावी वर्ग गेला. आपल्याकडे सेनगावच्या टोकाच्या खेड्यातील सुनेने हिंगोलीस यावे, अशी अपेक्षा केली जाते. दोन गाड्या बदलून येणे, संध्याकाळी चुलीच्या वेळेस परत पोचणे आणि घरच्यांचे बोलणे ऐकणे, हे सारे तिने सोसावे. आणि न आल्यास 'यांना शिकण्याची हौसच नाही' असा शिक्का तिच्यावर बसावा, हा न्याय नव्हे.

आता आपल्या समाजाच्या दोषांकडेही पाहू. ज्या घरांचे बरे चालले आहे, त्यांत एक समजूत मूळ धरू लागली आहे की, शिवणकाम म्हणजे मागासलेपणा, आणि तेच पुन्हा वर्गात शिकावयास जाणे म्हणजे कमीपणा. नातू विचारतो, "आजोबा, शिंप्याच्या पोराने शिवण शिकावयास वर्गात जायचे का?" आम्ही म्हणतो, अवश्य जावे. आजोबांस सदरा आणि पायजमा येत होता. आज गणवेशाचे मोठे काम घ्यावयाचे तर विजेवरचे यंत्र, कापडाचा हिशेब, देयक लिहिणे आणि बँकेचा व्यवहार आला पाहिजे. ते ओसरीवर शिकता येत नाही. परंतु त्याहून गंभीर दोष असा की, योजना आली म्हणजे ती प्रथम आपल्या ओळखीच्या घरात नेऊन बसविणे, आणि समाजाच्या नावावर तिचा लाभ समाजातील सुस्थितांनीच घेणे. तो दोष आम्ही स्वतः केला आहे, म्हणून त्याचे नाव घेण्याचे धाडस करतो.

आणखी एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: "शिकून तरी काय होते? पोरगा पुण्यास लागला आणि चार महिन्यांत परत आला." हा आक्षेप खोटा नाही. खोलीचे भाडे आणि खाणावळ वजा जाता हाती काही उरत नसेल, तर मुलगा परत येणारच. सर्व वर्ग चांगले असतात, असाही आमचा दावा नाही. परंतु म्हणूनच गावात राहूनच चालेल असे कौशल्य, गावात राहणाऱ्यासच शिकविले पाहिजे. वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती हळद शिजविणारे, वाळविणारे हात आपल्याच जिल्ह्यातील मजुरांचे आहेत. प्रक्रियेचे, प्रतवारीचे, बांधणीचे शिक्षण प्रथम त्या हातांस मिळावे, की ज्यांनी हळदीचे रान पाहिलेच नाही त्यांस?

अध्यक्ष महाशय, केवळ दोष दाखवून खाली बसणे हे शिक्षकास शोभणारे नाही. म्हणून तीन सूचना आपल्या मंडळापुढे ठेवतो.

एक : प्रत्येक तालुक्यात समाजातील दोन कार्यकर्ते नेमावे. वर्ग निघाला म्हणजे त्यांनी सूचना पाठवून स्वस्थ न बसता, जी घरे मेळाव्यास येत नाहीत त्यांच्या दारी संध्याकाळी जाऊन विचारावे. त्यांत एक स्त्री असावी; कारण घरातील सुनेस काय अडचण आहे, हे ती पुरुषास सांगणार नाही.

दोन : वर्ग केव्हा भरवावा हे शिकणाऱ्यांस विचारून ठरवावे, आणि तसा अर्ज समाजाने संबंधित संस्थेकडे करावा. ऊसतोडीहून परतलेल्यांस चैत्र-वैशाख बरा. पण लग्नसराईमुळे शिवणाऱ्यांस तोच अवघड. एकच महिना सर्वांस सोयीचा नाही, म्हणूनच विचारणे आवश्यक.

तीन : समाजाने 'बुडीत मजुरी निधी' काढावा. दरवर्षी आपण शाली, फेटे आणि स्मृतिचिन्हे यांवर जो खर्च करतो, त्याचा अर्धा भाग या निधीत घालावा. जी व्यक्ती मजुरी सोडून वर्गास जाईल, तिला सरकारी भत्ता मिळत असल्यास उरलेली तूट, आणि मिळत नसल्यास रोजची मजुरी, आपण हजेरी पाहून द्यावी. ही भीक नव्हे. तिच्या शिक्षणात आपण घातलेले ते भांडवल होय. फार नव्हे, पहिल्या वर्षी दोनच भगिनींस जरी असे शिकविता आले, तरी दोन घरांतील मुलांच्या हातून विळा सुटेल. या निधीचा आरंभ म्हणून आमच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाची रक्कम आम्ही आज खजिनदारांच्या स्वाधीन करीत आहो. आमच्या जुन्या चुकीची ती फेड नव्हे, कारण तिची फेड होणे नाही. केवळ पुन्हा तशी चूक न व्हावी एवढाच हेतू.

शेवटी, आपण ज्या जिल्ह्यात जमलो आहो तेथील नरसी गावास संत नामदेवमहाराजांच्या जन्मस्थानाचा मान आहे. त्यांचे नाव आपण अभिमानाने लावतो. त्यांच्या घरी गंगाखेडची जनाबाई दळणकांडण करीत असे. तिच्यापर्यंत ज्ञान पोचले ते कसे? 'जाते सोड, मग शिकावयास ये,' असे तिला कोणी म्हटले नाही. दळण चालू राहिले, आणि जात्यापाशी बसूनच ती संतपदास पोचली. नामदेवांचा वारसा आपण सांगतो, तर आपल्या घरोघरच्या जनाबाईंस जात्यापाशी जाऊन विचारणे, आणि त्यांचे पीठ सांडू न देता त्यांस शिकविणे, हे आपले कर्तव्य आहे.